चित्रतुरगाची शुश्रूषा

'भावना समजणारा यंत्रमानव' हा शब्दप्रयोग मराठीत आता बिनदिक्कत रुळू लागला आहे. एकाकी वृद्ध, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, स्वमग्न मुले यांच्या सोबतीसाठी ही यंत्रे घडवली जातात. समोरच्याची मनःस्थिती ती ओळखतात आणि तिच्याशी जुळवून घेतात, असे सांगितले जाते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. यंत्राच्या पोटातील घडामोडींविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु 'समजणे' आणि 'जुळवून घेणे' ही दोन क्रियापदे आमच्या प्रांतातली आहेत, आणि त्यांच्या आडून जो व्यवहार चालला आहे त्याविषयी गप्प बसणे आम्हाला मान्य नाही.

प्रथम 'समजणे' घेऊ. १९९७ साली रोझलिंड पिकार्ड यांच्या 'अफेक्टिव्ह कंप्युटिंग' या ग्रंथाने या विद्याशाखेला नाव दिले. तेव्हापासूनची बहुतेक यंत्रे करतात ते इतकेच : कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल टिपायची, ध्वनिग्राहकाने स्वराची पट्टी मोजायची आणि त्यावरून 'दुःखी', 'आनंदी', 'संतप्त' अशी एक चिठ्ठी डकवायची. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर यंत्राच्या हाती लागतो तो अनुभाव. विभाव, म्हणजे ज्या कारणाने भाव जागा झाला ते कारण, त्याला दिसत नाही. आणि अनुभाव किती फसवा असतो! नाट्यशास्त्रात अश्रूंची कारणे सांगताना खुद्द भरताने आनंद आणि शोक यांच्या पंक्तीला धूर, अंजन आणि जांभई यांनाही बसवले आहे. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतले पाणी सासुरवासाचे की ओल्या लाकडांचे, हे ओळखायला त्या घरात वावरलेले असावे लागते.

हा निव्वळ पोथीतला आक्षेप आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला विस्तृत आढावा पाहावा. राग आलेला असताना माणसे कपाळाला आठ्या घालतात त्याचे प्रमाण त्यांना सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास आढळले. उरलेल्या वेळी माणसे रागावतात आणि शांत दिसतात, रागावतात आणि हसतात, रागावतात आणि रडतात. उलट, आठ्या पडलेला माणूस नुसता विचारात गढलेला असू शकतो. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि त्यावरचे अनुमान फेटाळून लावतात. येथे मात्र तेच अनुमान विकले जाते.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : नटाला तरी कुठे खरे दुःख झालेले असते? तरीही प्रेक्षक रडतो आणि समाधानाने घरी जातो. मग यंत्राच्या सोंगाला तुमची हरकत का? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण आमच्या परंपरेने त्याच्यावर शतकानुशतके विचार केला आहे. शंकुकाने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला तो याचसाठी. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडाच आहे' असे आपण मानत नाही, 'हा घोडा नाही' असेही म्हणत बसत नाही. ती एक निराळीच प्रतीती असते. शंकुकाचे मत पुढे भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी खोडून काढले, तो वाद तूर्त बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की रंगमंचावरच्या सोंगाला प्रेक्षकाची संमती असते. तिसरी घंटा होते, पडदा वर जातो, आणि शेवटी पडतोही.

आता 'पारो' पाहा. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी घडवलेले हे सील माशाच्या (तसा तो सस्तन प्राणी, मराठीने त्याला मासा केले) पिलाच्या रूपातले यंत्र. पांढरी मऊ लव, मोठे काळे डोळे, कुरवाळले की हलणारी मान. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. सीलच का निवडला, याचे उत्तर मार्मिक आहे. मांजराचे रूप देऊन पाहिले तेव्हा लोक त्याची तुलना खऱ्या मांजराशी करू लागले आणि निराश झाले. सीलचे पिलू कोणी मांडीवर घेतलेले नसते, म्हणून तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही. पारोमुळे काही रुग्ण शांत होतात, बोलू लागतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेच्या मांडीवर ते ठेवले जाते, तिला तिसरी घंटा ऐकू आलेली नसते. तिच्यापुरता चित्रातला घोडा खराच होतो, आणि तसा तो व्हावा अशी सोय इतरांनी करून ठेवलेली असते. धडधाकट माणसाचीही येथे धडगत नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' हा संभाषण करणारा प्रोग्रॅम सादर केला. तो घडताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले होते. वायझेनबाम पुढे आयुष्यभर या प्रकाराविरुद्ध लिहीत राहिले, ते उगाच नाही.

दुसरे क्रियापद 'जुळवून घेणे'. मराठीत हे क्रियापद किंमत मोजल्याशिवाय वापरता येत नाही. सून जुळवून घेते तेव्हा तिचे काही तरी मागे पडते. जुना मित्र जुळवून घेतो तेव्हा तो आपला एखादा हेका सोडतो. पारोला कुरवाळले तर तो आधीची कृती पुन्हा करू पाहतो, फटका मारला तर ती टाळतो. मराठीत याला मर्जी सांभाळणे म्हणतात. मर्जी सांभाळणाऱ्यांची आपल्या साहित्यात वाण नाही, आणि त्यांना समजूतदार म्हणण्याची चूक आजवर कोणी केलेली नाही. समजूतदार माणूस प्रसंगी नाही म्हणतो. 'अण्णा, आज गोळी घेतल्याशिवाय मी उठणार नाही,' असे बजावणारी लेक अण्णांच्या रागाला पात्र होते आणि तो राग गिळते. यंत्रही गोळीची आठवण करून देईल, दहा वेळा देईल. राग गिळणे म्हणजे काय, हे त्याला कोण शिकवणार?

आणि आठवणीपलीकडे ते जातही नाही. २००५ साली डेव्हिड फाइल-सायफर आणि माया मातारिच यांनी या यंत्रांची जी व्याख्या केली तीत मदत सामाजिक संवादातून व्हावी, शारीरिक स्पर्शातून नव्हे, असा स्पष्ट भेद आहे. म्हणजे कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, रात्री तीनला चादर बदलणे ही कामे पूर्वीप्रमाणेच अल्प पगाराच्या आयाबायांकडे राहतात. काढून घेतले जाते ते गप्पा मारण्याचे काम, जे त्या बायका कूस बदलता बदलताच करीत असत. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. ऐकणे आणि सेवा आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधली, ती आता दोन खात्यांत विभागली जात आहेत : सेवा माणसाकडे, ऐकणे यंत्राकडे. ज्या संस्थेला माणसांची संख्या कमी करायची आहे तिला ही विभागणी का आवडावी हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

ऐकणारा टिकतो किती, हेही पाहावे. 'मॉक्सी' हा पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी केलेला सोबती अमेरिकेत सुमारे ८०० डॉलरला मिळत असे. २०२४ च्या डिसेंबरात त्याच्या कंपनीचा पैसा आटला आणि यंत्र बंद पडणार असे जाहीर झाले. मुलांना ही बातमी कशी सांगावी यासाठी कंपनीने पालकांना एक पत्र पुरवले. पुढे ते यंत्र स्वतःच्या संगणकावरून चालवण्याची सोय निघाली, पण ती तांत्रिक खटपट जमणाऱ्यांसाठी. मुलांना भावना ओळखायला शिकवणाऱ्या यंत्राने दिलेला हा अखेरचा धडा कोणत्या अभ्यासक्रमात बसतो?

युरोपीय संघाच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली. अशा अनुमानांचा शास्त्रीय पाया डळमळीत आहे, हे त्यामागचे एक कारण. मात्र वैद्यकीय आणि सुरक्षेच्या उपयोगाला त्या बंदीतून सूट आहे. कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्यांचे मन वाचणे अविश्वसनीय ठरते, तर अंथरुणाला खिळलेल्या, शब्द हरवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते वाचणे विश्वसनीय कशाने होते? चूक दुरुस्त करण्यासाठी कारकून निदान तक्रार करू शकतो. ही सूट ज्यांना योग्य वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे, आणि ते देताना 'समजणे' हे क्रियापद वापरू नये.