मधुमेही पुरुषाची अपुरी हकीकत

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत वैद्यकी करणाऱ्या आमच्या वाचकांना मधुमेह नवा नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातला आडत्या, मंचरचा दुकानदार, विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार, यांची साखर आपण नित्य मोजतो, पायांची बोटे निरखतो, डोळ्यांच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतो आणि एवढ्यावर हकीकत पुरी झाली असे मानून पुढच्या रुग्णाला हाक मारतो. त्या पुरुषाच्या कामजीवनाचे व प्रजननक्षमतेचे काय झाले, हे तो सांगत नाही आणि आपण विचारीत नाही. ज्या नारायणगावात यात्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी तमाशाच्या राहुट्या पडतात आणि शृंगारिक लावणीला भर मांडवात शिट्ट्या मिळतात, तेथेच दवाखान्यात मात्र 'जरा अशक्तपणा वाटतो' यापलीकडे पुरुषाची जीभ वळू नये, हे विलक्षण होय.

मधुमेह आणि कामजीवनातील बिघाड यांचा संबंध अकराव्या शतकात वैद्य इब्न सीनानेही नमूद केला होता. उत्थान घडते ते मज्जातंतूंची टोके आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे. वर्षानुवर्षे चढी राहिलेली साखर नेमकी या दोहोंचीच हानी करते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत पूर्ण असमर्थतेचे प्रमाण २८ टक्के, तर एकंदर पुरुषांत सुमारे १० टक्के आढळले. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने अवरोध तेथे आधी जाणवतो. म्हणून अशी तक्रार घेऊन आलेल्या चाळिशीच्या गृहस्थाला शक्तिवर्धक लिहून देण्यापूर्वी त्याचा रक्तदाब, चरबी आणि हृदय तपासणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. सिल्डेनाफिल द्यायचे झाल्यास छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू आहे काय, याची रुजुवात केल्यावाचून ते देऊ नये. अग्रत्वचेला चिरा पडून वारंवार खाज सुटणारा इसम मलम मागावयास येतो, तेव्हा मलमाबरोबर रक्तशर्करेचा कागदही द्यावा. कित्येकांचा मधुमेह प्रथम येथेच उघडकीस येतो.

अपत्यहीनतेचा मामला याहून दुःखद. लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा पार्वतीने पुत्रासाठी तप केल्याच्या कथेचा देव. तेथे नवस बोलावयास सून जाते, पुण्याला नळ्यांची तपासणी करून घेण्यास सूनच जाते, उपास तीच करते आणि दुसऱ्या लग्नाची बोलणीही तिच्यासमोर चालतात. नवऱ्याच्या मधुमेहाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. मूत्राशयाच्या मुखाचा स्नायू ज्या तंतूंच्या आज्ञेने मिटतो ते तंतू मधुमेहात निकामी झाले, तर स्खलनाची जाणीव होऊनही वीर्य मागे मूत्राशयात जाते. रुग्ण एवढेच सांगतो की 'काहीच येत नाही', आणि मग ती दुर्बलता समजली जाते. स्खलनानंतरची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर शुक्रजंतू दिसतात, आणि योग्य तयारीने ते गर्भधारणेसाठी उपयोगातही आणता येतात. याखेरीज शुक्रजंतूंच्या जनुकद्रव्याची मोडतोड आणि टेस्टोस्टेरोनची घट यांचाही विचार हवा. टेस्टोस्टेरोनची तपासणी सकाळच्याच रक्ताची करावी.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढून या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. आम्हांस तर खटल्याचे भय नाही. भय आहे ते संकोचाचे, आणि त्याचा लाभ एसटी स्थानकाच्या भिंतींवर गुप्तरोगांची जाहिरात रंगविणारे घेतात.

तेव्हा आमची विनंती इतकीच की, प्रत्येक मधुमेही पुरुषाला, शक्य तेथे एकांतात, 'संबंधात काही अडचण?' असे साध्या शब्दांत विचारावे व उत्तर केसपेपरावर नोंदवावे. आणि मूल नाही म्हणून जोडपे आल्यास, पत्नीच्या नळ्या तपासावयास पाठविण्याआधी, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर पतीचे वीर्य तपासून घ्यावे.