एक किलो औषध, पंचवीस किलो कचरा

डॉक्टरने लिहून दिलेली गोळी तयार होताना कचरा किती झाला, हे कोणत्याच वेष्टनावर छापलेले नसते. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हा हिशेब मांडला. एक किलो माल बनवताना किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तेलशुद्धीकरणात उत्तर आले जेमतेम शंभर ग्रॅम. रंग आणि तत्सम रसायनांत ५ ते ५० किलो. औषधांत मात्र २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त. ज्या उद्योगाला लोक सर्वांत घाणेरडा समजतात तो या हिशेबात सर्वांत स्वच्छ, आणि रुग्णाला बरे करणारा उद्योग सर्वांत मागे!

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर पट्ट्याला हा हिशेब कागदावर पाहण्याची गरज नाही. तो वालधुनीच्या पाण्यात दिसतो. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो लोकांना मळमळ, उलट्या व श्वासाचा त्रास झाला. अशा वेळी इस्पितळातले उपचार फार साधे असतात. ऑक्सिजन, नेब्युलायझर, डोळे धुणे आणि निरीक्षण. टँकरमध्ये नेमके काय होते हे माहीत नसेल, तर उतारा तरी कशावर द्यायचा? काहींचा खोकला आणि छातीतली घरघर पुढे महिनोन्‌महिने टिकते. आम्लाच्या वाफांनी श्वासनलिकांचे आतले अस्तर भाजले की दमा नसलेल्या माणसालाही दमेकऱ्यासारखे जगावे लागते.

दर वेळी चर्चा होते ती सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, टँकरमाफियाची आणि दंडाच्या रकमेची. ती व्हायलाच हवी. पण ही सगळी नळाच्या शेवटच्या टोकाची चर्चा आहे. कचरा जन्माला येतो रिअ‍ॅक्टरच्या आत, आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. सुगंधी द्रव्ये व औषधांच्या कच्च्या घटकांत एका रेणूला दुसरा तुकडा जोडण्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड वापरण्याची जुनी पद्धत आहे. त्याला उत्प्रेरक म्हणतात, पण उत्प्रेरकाचा मूळ गुण, म्हणजे काम करून मोकळे होणे, त्यात नाही. ते तयार झालेल्या पदार्थालाच घट्ट चिकटून बसते. मग ते सोडवायला पाणी ओतावे लागते. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा उठतात आणि ॲल्युमिनियमने भरलेले आम्लधर्मी पाणी उरते. अनिसोल नावाच्या द्रवापासून या रीतीने एक किलो माल करताना साडेचार किलो सांडपाणी निघत असे. फ्रान्समधील रोडिया कंपनीने १९९०च्या दशकात त्याऐवजी झिओलाइट वापरले आणि सांडपाणी उतरले ३५ ग्रॅमवर. त्यातही ९९ टक्के नुसते पाणी.

झिओलाइट हे नाव परके वाटले तरी वस्तू परकी नाही. करोनाच्या साथीत घरोघरी आलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे याचेच. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, ज्या काळ्या बेसाल्टात बांधले गेले, तसल्याच दख्खनच्या खडकांच्या पोकळ्यांत नैसर्गिक झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. कारखान्यात वापरायचे झिओलाइट मात्र मुद्दाम घडवलेले असते. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची ही जाळी. तिची छिद्रे मीटरच्या अब्जाव्या भागाहूनही बारीक. यातले ॲल्युमिनियम जाळीत पक्के बसलेले असते आणि त्याच्या शेजारी एक प्रोटॉन असतो. आम्लाचे काम तोच करतो, पण वाहून जात नाही. (बाजारात ‘शरीर शुद्ध करणारी’ झिओलाइट पावडर विकली जाते. तिच्या दाव्यांना विश्वासार्ह पुरावा नाही. ती कोणी पोटात घेऊ नये.)

मग सगळीकडे हेच का वापरले जात नाही? कारण छिद्रे तुंबतात. अनिसोलच्या बाबतीत तयार झालेला रेणू कच्च्या मालापेक्षा जास्त चिकट निघतो, आत रेंगाळतो आणि मागच्यांची वाट अडवतो. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून दाण्यांवर अवरक्त किरण सोडून वर्णपट घेतात. पिरिडिन नावाचा रेणू आत पाठवला, तर वर्णपटात १५४५ या आकड्याजवळची रेघ सांगते की प्रोटॉनवाली जागा शाबूत आहे; १४५० जवळची रेघ वेगळ्या प्रकारच्या आम्लाची. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून रक्तवाहिनी पाहतात, तसेच हे. प्रक्रिया चालू असताना, तापलेल्या अवस्थेत वर्णपट घेतला, तर ती झाली ट्रेडमिलवरची ईसीजी.

पण रेघ स्वतः काही बोलत नाही. क्ष-किरण अहवालाखाली ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ असे लिहिलेले असते. इथे ती पडताळणी संगणक करतो. रेणू आत कसा वळला, कुठे अडकला, याची गणिते मांडून कोणती रचना तशी रेघ देईल हे तो शोधतो. अशा बहुस्तरीय गणितांच्या पद्धतीसाठी २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. हे काम पुण्यातही झाले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी यांच्या गटाने एन्सिलाइट ही झिओलाइटे घडवली. १९८०च्या दशकात ती वडोद्याच्या पेट्रोरसायन कारखान्यात चालली. टायटॅनियमयुक्त झिओलाइटमध्ये ऑक्सिजन कोणत्या रूपात धरला जातो, हे त्यांनी वर्णपटांवरून मांडले. त्याच प्रयोगशाळेतील सौरव पाल आणि पुणे विद्यापीठातील दिलीप कान्हेरे यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये टिन घातलेल्या झिओलाइटची रचना संगणकावर उलगडली.

पुण्यातले हे ज्ञान मोठ्या पेट्रोरसायन कारखान्यापर्यंत पोहोचले, अंबरनाथच्या छोट्या शेडपर्यंत पोहोचायचे राहिले. छोट्या कारखानदाराचीही अडचण खरी आहे. त्याच भांड्यात आज एक माल, पुढच्या महिन्यात दुसरा. औषधांचे मोठे रेणू अनेकदा छिद्रांत शिरतच नाहीत. कोणता दाणा कोणत्या मालाला चालेल, हे शोधायला त्याच्याकडे ना वर्णपटमापक आहे ना संगणक. त्याला ‘हरित व्हा’ असे सांगणे म्हणजे उपाशी मधुमेह्याला आहारतज्ज्ञाचा तक्ता देण्यासारखे.

१९३३ मध्ये सुरू झालेली माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था मध्य रेल्वेच्या याच मार्गावर आहे. औद्योगिक वसाहतीत एखादा सामाईक चाचणी रिअ‍ॅक्टर आणि वर्णपटमापक ठेवून तो संस्थेच्या संशोधकांनी चालवणे, हा खर्च मोठ्या प्रक्रिया केंद्रापुढे किरकोळ ठरावा. परवाना देताना सांडपाण्याच्या मापांबरोबर शेल्डन यांचा तो साधा प्रश्नही अर्जात छापावा: एक किलो मालामागे कचरा किती? शासकीय रुग्णालयांसाठी औषधे घेताना निविदेतही हीच ओळ घालता येईल. तोवर रात्रीच्या टँकरवरची नजर मात्र एक दिवसही ढिली करू नये. झिओलाइट येणार आहे म्हणून आजचे ओतणे माफ होत नाही.