तार कोणाची?

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे फाटा मागे टाकून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे निघालेल्या प्रवाशाला शिरढोण गाव लागते. १८४५ साली वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ज्या गावी झाला ते हे गाव. अध्यापनातून निवृत्त झाल्यावर प्रस्तुत लेखक येथे राहावयास आला, तो पुस्तके वाचावीत आणि फार तर गावच्या वाचनालयाच्या कामात लक्ष घालावे एवढ्याच हेतूने. घरात इंटरनेट कोणाचे घ्यावे या प्रश्नावर आपल्याला या स्तंभात लिहावे लागेल, असे त्याला स्वप्नातही वाटले नव्हते.

निमित्त शेजारच्या मुलीचे झाले. ती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरी दोन मोबाईल. त्यांपैकी एक वडिलांबरोबर दिवसभर टेंपोवर असतो. एके दिवशी ती चार जाहिरातपत्रके घेऊन आली आणि म्हणाली, “सर, तुम्ही अर्थशास्त्राचे. यांतले स्वस्त कोणते ते सांगा.” आम्ही दोघांनी वहीत चार रकाने आखले. अर्ध्या तासात आटोपेल अशा समजुतीने हाती घेतलेले ते काम तीन संध्याकाळी पुरले, आणि शेवटी हाती जे आले ते उत्तर नव्हते, तर अधिक मोठा प्रश्न होता.

प्रथम किंमत. आपल्या देशात घरगुती इंटरनेटच्या किमतीचे युद्ध सर्वांना आठवत असेल. २०१९च्या सप्टेंबरात जिओने घरोघर तार नेण्यास प्रारंभ केला तेव्हा सर्वांत खालचा दर महिना ६९९ रुपये होता. वर्षभराने तो ३९९वर आला आणि एअरटेलने ४९९चा दर पुढे केला. छापील आकडा ३९९. परंतु त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर चढला की प्रत्यक्षात द्यावयाचे ४७१. त्यात कुठे यंत्राची अनामत, कुठे जोडणीचा खर्च, तर कुठे सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यासच तो खर्च माफ. म्हणजे ज्याच्यापाशी सहा महिन्यांची रक्कम एकरकमी आहे त्याला वस्तू स्वस्त, आणि जो महिन्याच्या महिन्याला कसेबसे भरतो त्याला महाग. किराणा दुकानातील उधारीच्या वहीपासून हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. ४७१ रुपये ही रक्कम मध्यमवर्गीय वाचकाला किरकोळ वाटेल. २०२४-२५ साली महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला २९७ रुपये मिळत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रकमेचे वजन कळते.

दुसरा रकाना ‘अमर्याद’ या शब्दाचा. सर्वच पत्रकांवर हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि त्याची मर्यादा बारीक अक्षरांत. ती बहुधा महिन्याला ३,३०० जीबी अशी असते आणि ती ओलांडली की वेग गोगलगाईचा. सामान्य कुटुंब तेथवर पोचत नाही हे खरे. तथापि भाषेची ही लबाडी सामान्य कुटुंबाच्याच माथी मारली जाते.

तिसरा रकाना वेगाचा, आणि येथे थोडे थांबले पाहिजे, कारण कार्यकर्त्यांनाही यातले तंत्र क्वचितच कोणी समजावून सांगते. पत्रकावरील १०० एमबीपीएस हा आकडा बिटांचा असतो. फाइल उतरवून घेताना आपण मोजतो ते बाइट, आणि एका बाइटात आठ बिट. म्हणून तो आकडा आठाने भागावा. शिवाय हा वेग आपल्या एकट्याचा नसतो. नेहमीच्या पद्धतीत एका मुख्य काचतंतूला फाटे फोडून तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि त्या सर्वांची मिळून क्षमता खाली येताना सुमारे अडीच हजार व वर जाताना त्याच्या निम्मी. रात्री नऊ वाजता सारी आळी एकदम पडद्यासमोर बसली की प्रत्येकाच्या वाट्याला काय येते, ते त्या फाट्याच्या मागे कंपनीने किती क्षमता विकत घेऊन ठेवली आहे यावर ठरते. ती माहिती कोणत्याच पत्रकावर नाही. वर जाणारा वेगही लिहिलेला नसतो, आणि नेमका तोच त्या मुलीला वर्गात बोलताना, उत्तरपत्रिका पाठविताना हवा असतो. सरकारचा मापदंड पाहावा तर २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते, २०१३पासून ५१२ला, आणि २०२३ साली कोठे तो २ एमबीपीएसवर आला. कंपनी शेकड्यांत बोलते, सरकार दोनावर समाधानी आहे. या दोहोंमधील अंतरात ग्राहकाने दाद मागावी तरी कशाच्या आधारे?

आता पर्यायांकडे वळू. पनवेलच्या परिसरात सामान्यतः चार तऱ्हा दिसतात. दोन बलाढ्य कंपन्यांची तार. त्याच कंपन्यांची टॉवरवरून हवेतून येणारी सेवा, जी २०२३पासून सुरू झाली. गल्लीतील केबलवाल्याची तार. आणि भारत संचार निगमची. २०२५च्या जूनमध्ये स्टारलिंकलाही परवाना मिळाला. म्हणजे उपग्रह हा पाचवा पर्यायही पुढेमागे आकाशातून उतरेल. हवेतील सेवेचा गुण हा की खोदाई नको; दोष हा की त्या टॉवरचे मोबाईलवालेही त्याच क्षमतेत वाटेकरी. केबलवाला मोठ्या पुरवठादाराकडून घाऊक क्षमता विकत घेतो आणि किरकोळीत विकतो. त्याचा वेग तुमच्या आळीतील गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे कमीअधिक होतो. परंतु तक्रार केली तर माणूस घरी येतो आणि त्या माणसाला नाव असते. राहिले निगम. ते सरकारी म्हणून घ्यावे, तर तेथेही काचतंतू घरापर्यंत आणणारा बहुशः कमिशनवर काम करणारा स्थानिक भागीदारच असतो. म्हणजे फलक सरकारी, खांबावर चढणारा मुलगा मात्र कंत्राटी, आणि बहुतेकदा विम्यावाचून व कमरेला पट्टा न बांधता चढणारा. चारही रकान्यांच्या तळाशी हा एकच मुलगा उभा आहे, ही गोष्ट आमच्या वहीत लिहावयाची राहून गेली होती.

गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या घरची जोडणी एकोणीस दिवस बंद होती. रस्त्यालगत कोणीतरी खोदले आणि तार तुटली. तक्रारीला क्रमांक मिळाला, क्रमांकाला उत्तर मिळाले, उत्तरात दिलगिरी होती. माणूस मात्र आला नाही. कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण त्याच खोदाईत दुसऱ्या दोघांच्याही तारा तुटल्या होत्या. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाल्यापासून या रस्त्याने किती वेळा पोट उघडले आणि शिवले याची गणती येथील रहिवाशांनी केव्हाच सोडून दिली आहे. रस्त्याचे खाते एकदा खोदते, पाण्याचे खाते दुसऱ्यांदा, आणि तीन कंपन्या आपापल्या वेळी तीनदा.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. एकाच खांबावरून चार कंपन्यांच्या चार तारा, आणि प्रत्येक घरी त्यांतील एकच चालू: याला स्पर्धा म्हणावे की उधळपट्टी? जॉन स्टुअर्ट मिल हा काही समाजवादी पक्षाचा सभासद नव्हता. परंतु १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात त्याने लंडनमधील गॅस व पाणी पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांकडे बोट दाखवून म्हटले होते की, एकाच शहरात अनेकांनी समांतर नळ टाकणे हा श्रमाचा अपव्यय आहे, आणि जेथे खरी स्पर्धा संभवतच नाही तेथे ते काम सार्वजनिक मानणे अधिक बरे. काचतंतूला हा विचार शब्दशः लागू पडतो. तार ही रस्ता आहे. तिच्यावरून धावणारी सेवा ही गाडी आहे. गाड्या अनेकांच्या असाव्यात, रस्ता मात्र सर्वांचा असावा. स्टॉकहोम शहराने १९९४ साली स्तोकाब नावाची आपली कंपनी काढून नेमके हेच केले. शहर फक्त काचतंतू घालते, कोणत्याही सेवादात्याला तो सारख्या अटींवर भाड्याने देते, आणि स्वतः घरोघर इंटरनेट विकत नाही. रस्ते तेथे एकदा खोदले गेले, ग्राहकाला निवड मात्र पुष्कळ उरली.

आपल्याकडे नेमके उलटे घडले, आणि त्यात आपल्याही बाजूचा दोष आहे, हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. टेलिफोन सर्वस्वी सरकारी होता तेव्हा काळ्या यंत्रासाठी माणसे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहत. अधिक अनामत भरणाऱ्यास यादीत पुढे जागा देणारी योजनाही तेव्हाचीच. सार्वजनिक मालकी म्हणजे लोकांची मालकी, असे आपण व्यासपीठावरून सांगत होतो तेव्हा ग्राहकाला अनुभव येत होता तो खात्याच्या मालकीचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. २००२ साली ती कंपनी टाटांच्या नियंत्रणाखाली गेली, तेव्हा रस्त्यावर आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. त्याचे कारण याच अनुभवात शोधावे लागेल.

तथापि दोष मान्य करणे वेगळे आणि औषधाच्या नावाखाली उपासमार करणे वेगळे. भारत संचार निगमला चौथ्या पिढीच्या ध्वनिलहरी देण्याचा निर्णय २०१९ साली झाला. प्रतिस्पर्धी त्या लहरींवर २०१६पासून देश व्यापत होते. २०२०च्या जानेवारीअखेर निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यातील ‘स्वेच्छा’ हा शब्दही पत्रकावरील ‘अमर्याद’च्याच जातीचा. देशी बनावटीची चौथी पिढी निगमच्या टॉवरवर रीतसर अवतरली ती २०२५च्या सप्टेंबरात. दरम्यान बाजाराचे काय झाले? २०२४च्या मार्चअखेर देशातील ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या ९० कोटींच्या वर होती. त्यांतील सुमारे चार-पंचमांश दोनच कंपन्यांकडे. आणि त्या अवाढव्य संख्येत घरात तार असलेले ग्राहक सुमारे ४ कोटी. २०११च्या जनगणनेत देशातील कुटुंबे साडेचोवीस कोटींहून अधिक होती. म्हणजे सहांतल्या पाच कुटुंबांच्या दृष्टीने आमच्या वहीतील चारही रकाने रिकामे आहेत. त्यांचे इंटरनेट म्हणजे खिशातला मोबाईल, आणि तो बापाच्या खिशात असला की मुलीचा अभ्यास बंद. २०२०च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेली तेव्हा रेंज शोधत टेकडीवर चढणारी मुले आपण पाहिली. मुले आता शाळेत परतली आहेत. अर्ज, शिष्यवृत्त्या, निकाल आणि सातबारा मात्र पडद्यावरच राहिले.

मग करावे काय? सहकाराचे नाव आपल्या ओठांवर लगेच येते, आणि त्यात काही गैर नाही. इंग्लंडच्या उत्तरेस लँकाशायरच्या ग्रामीण भागात २०११ साली शेतकऱ्यांनी व रहिवाशांनी भाग भांडवल उभारले, आपापल्या शेतांतून फुकट वाट दिली, स्वतः चर खणले आणि मोठ्या कंपन्यांनी परवडत नाही म्हणून सोडलेल्या वस्त्यांत काचतंतू नेला. परंतु महाराष्ट्रातील सहकाराचा अनुभव ज्यांना आहे त्यांनी श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचेही स्मरण ठेवावे. वीजवाटपाचा तो प्रयोग चार दशके चालला आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ साली परवान्यासह संपला. केरळ सरकारने २०२३च्या जूनमध्ये स्वतःचे जाळे सुरू करून २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे वचन दिले. दिशा योग्य, पण प्रत्यक्ष जोडण्या उद्दिष्टाच्या पुष्कळ मागे राहिल्या. तेव्हा मालकी बदलली की सारे साधेल, या भ्रमात राहू नये. हिशेब कोण तपासणार आणि तार तुटल्यास किती तासांत जोडणार, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्या भागात याला एक विशेष संधी आहे. नैनाच्या निमित्ताने २०१३पासून या गावांचे नियोजन सिडकोकडे गेले. विमानतळाच्या ओढीने रस्ते आखले जात आहेत, इमारती उभ्या राहत आहेत. सिडको १९७० साली आली तेव्हा येथील शेतकऱ्याने जमिनी दिल्या आणि आपल्या हक्कासाठी १९८४ साली जासईत प्राणही दिले. त्या मातीत उद्या पडणाऱ्या प्रत्येक नव्या रस्त्याखाली एक सामाईक नळी आधीच घालावी, ती सार्वजनिक मालकीची असावी, आणि ज्याला तार न्यावयाची त्याने तिचे भाडे भरावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. रस्ता बांधतानाच नळी टाकण्याचा खर्च पुन्हा खोदण्याच्या मानाने अल्प असतो. नव्या गृहसंकुलांत बिल्डर एखाद्याच कंपनीशी संधान बांधून इतरांना जिन्यातच शिरू देत नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनी सर्वसाधारण सभेत तो करार वाचावयास मागावा. अनेकांना तो अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.

आणि भारतनेट. २०११ साली मंजूर झालेल्या, २०२३ साली १,३९,५७९ कोटींची नवी तरतूद मिळालेल्या या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेणे हा आहे. पंचायतीच्या भिंतीवरील ती पेटी चालू आहे की तिच्यावर फुलदाणी ठेवली आहे, हे पाहावयास कार्यकर्त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तिच्यावरून शाळा, अंगणवाडी आणि वाचनालय जोडता येते का, न आल्यास कशामुळे, आणि खोदाईच्या परवानगीपोटी आजवर कोणाकडून किती रक्कम जमा झाली, हे तीन प्रश्न लेखी स्वरूपात येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याविषयीचा अर्ज आम्ही तयार केला आहे. शेजारच्या मुलीने तो आपल्या हस्ताक्षरात लिहिला आणि पहिली सहीही तिचीच आहे. तूर्त तिने गल्लीतील केबलवाल्याची जोडणी घेतली. स्वस्त म्हणून नव्हे. सहा महिन्यांचे पैसे त्याने आगाऊ मागितले नाहीत म्हणून.