‘काटोल आंबिया’ कुठे गेला?

प्रति,
भारतीय मानक ब्यूरो, मानक भवन, नवी दिल्ली
आणि ब्यूरोची नागपूर शाखा



कुकर घेताना आमच्या घरात आधी आयएसआयचा शिक्का बघतात, मग शिट्टी. इतवारीच्या सराफ्यात हॉलमार्क दिसल्याशिवाय आई पाटली हातात चढवत नाही. तेव्हा तुम्ही काही आम्हाला परके नाही. मोबाइललाही तुमची नोंदणी लागते, हे मात्र मला यंदा कळलं, तेही बाबांच्या फोनातली निम्मी माणसं हरवल्यावर.

बाबांचं सगळं आयुष्य संत्र्याच्या अडतीत गेलं. आधी स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात, मग कळमन्यात. आता वय चौऱ्याहत्तर, गाळा चुलतभाऊ बघतो. पण हंगाम लागला की बागवाल्यांचे फोन येतात ते बाबांनाच. त्यांच्या फोनात दीड हजारावर नावं आहेत, सगळी देवनागरीत. नावं म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात ती ‘काटोल आंबिया’, ‘काटोल मृग’, ‘नरखेड दोन भाऊ’, ‘ट्रक पिवळा’, ‘वरुड पट्टी बाकी’ अशी आहेत. एकाच गावचे दोन बागवाले. एकाचा आंबिया बहार, माल दिवाळीच्या आगेमागे येणार. दुसऱ्याचा मृग, तो फेब्रुवारीनंतर. चुकीच्या माणसाला चुकीच्या महिन्यात फोन गेला की समोरचा समजतो, म्हातारा आता विसरायला लागला. म्हणजे ही यादी नाही, खतावणी आहे. फक्त लाल कापडात बांधलेली नाही.

दसऱ्याला नवा फोन घेतला. बर्डीवरच्या एका दुकानातल्या मुलानं जुन्या फोनातले नंबर एका फाइलमध्ये काढले, नव्यात टाकले, ‘झालं काका’ म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी येऊन बाबांनी चष्मा लावला, थोडा वेळ बोट फिरवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘बाई, हे पांढुर् काय होय? पुढचं तं दिसूनच नाही रायलं.’

‘पांढुर्’ आणि त्यापुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. ते होतं ‘पांढुर्णा मृग बहार मोठी बाग’. ‘काटोल आंबिया’चं झालं होतं ‘काटोल आं’ आणि प्रश्नचिन्ह. ‘वरुड’ एवढंच लिहिलेला नंबर मात्र धडधाकट. ‘मामा’ही. लहान नावं वाचली, लांब नावांची मान कापली. माझ्या भावानं रोमन लिपीत भरून दिलेली वीस-पंचवीस नावं, कितीही लांब असोत, जशीच्या तशी.

फोन बिघडला असं सगळ्यांनी ठरवलं. मला ते पटेना. बिघाड असा लांबी मोजून येत नाही. मी ती फाइल संगणकावर साध्या मजकुरासारखी उघडून बघितली, आणि तिथं कारण उघडंच पडलेलं होतं.

नंबर एका फोनातून दुसऱ्यात न्यायची ही जी वीसीएफ फाइल असते, तिचा अनेक फोनांत अजून चालणारा नमुना, व्हीकार्ड २.१, हा १९९६ चा आहे. त्या काळी मजकूर म्हणजे इंग्रजी, हे गृहीतच होतं. इंग्रजीबाहेरचं अक्षर आलं की ते थेट न लिहिता सांकेतिक करून लिहायचं, अशी त्यात सोय. आपल्या अक्षराला साठवणीत तीन बाइट लागतात, आणि या पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी तीन चिन्हं: एक बरोबरचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं. म्हणजे एका ‘न’ला नऊ चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार यांना प्रत्येकी आणखी नऊ, कारण संगणकाच्या लेखी तीही वेगळी अक्षरंच. ‘नागपूर’ लिहायला ५४ चिन्हं. ‘काटोल आंबिया’ला मधली मोकळी जागा धरून १०२, तेच रोमन लिपीत लिहिलं तर अकरा.

आता यातली गोम. या सांकेतिक लिखाणात एक ओळ ७६ चिन्हांपलीकडे जाऊ द्यायची नाही, असा जुना नियम आहे. त्याच्या थोडं आधीच ओळ तोडतात, शेवटी एक खूण ठेवतात आणि उरलेलं खाली लिहितात. घेणाऱ्या फोननं ती खूण ओळखून दोन ओळी सांधायच्या. बाबांच्या नव्या फोनातल्या संपर्कांच्या अ‍ॅपनं त्या सांधल्याच नाहीत. ‘आं’नंतर ‘बि’च्या मधोमध ओळ तुटली, अर्धवट बाइटचं प्रश्नचिन्ह झालं, आणि पुढचा ‘बिया’ गेला. ‘नागपूर’ ५४ मध्ये बसतं म्हणून वाचलं. शहराचं नशीब, दुसरं काय.

एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र त्या फोनच्या कंपनीलाच लिहिलं असतं. पण फाइलमध्ये फोनच्या पोटातली नावं तेवढी आली होती. बाबांच्या मते सगळे नंबर ‘फोनात’ होते. प्रत्यक्षात ते तीन ठिकाणी राहत होते आणि याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता. काही सिमकार्डात: तिथं सहसा अडीचशेच्या आसपास जागा, नावाला मोजकीच अक्षरं, देवनागरीला तर त्याहून कमी. त्यामुळे तिथली नावं पहिल्यापासूनच बोडकी. काही फोनात. आणि सर्वांत ताजी, गेल्या चार वर्षांतली, माझ्या मुलाच्या गूगल खात्यात.

मुलाच्या खात्यात का? जुना फोन घेतला तेव्हा दुकानदारानं ईमेल विचारला. बाबांकडे ईमेल नव्हता, नातू शेजारी उभा होता, त्यानं स्वतःचा टाकला. त्या दिवसापासून आजोबांनी जोडलेला प्रत्येक बागवाला, हमाल आणि ट्रकवाला नातवाच्या फोनातही उगवत गेला. नातू पुण्यात शिकतो. ऑक्टोबरात एका रात्री त्यानं फोन साफ करायला घेतला. ‘हमाल टोळी सकाळ’ कोण? ‘ट्रक पिवळा’ कोण? सव्वादोनशे नावं त्यानं पुसली आणि शांत झोपला. इकडे नागपुरात, बाबांच्या उशाशी चार्जिंगला लावलेल्या फोनातून तीच सव्वादोनशे नावं आपोआप नाहीशी झाली.

सिंक म्हणजे जपून ठेवणं, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझाही होता. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं करणं. एकीकडे भर घातली तर दुसरीकडे भर, एकीकडे पुसलं तर दुसरीकडेही पुसलं. सासर-माहेरच्या निरोप्यासारखं ते इमानदार असतं, शहाणं नसतं.

आमचं नशीब, गूगलच्या संपर्कांत पुसलेली नावं ३० दिवस कचरापेटीत राहतात, आणि सगळी यादी मागच्या तारखेला नेण्याचीही सोय आहे, तीही ३० दिवसांपर्यंतच. मला सुगावा लागला तो तेविसाव्या दिवशी. आणखी आठवडाभर ‘हा फोनच खराब निघाला’ म्हणत बसलो असतो, तर बाबांची चार वर्षं गेली होती.

मग रीतसर केलं. जुना फोन कपाटातून काढून चार्ज केला. बाबांच्या नावानं खातं उघडलं. जुन्या फोनात ते खातं घालून फोनमधले संपर्कही त्यात जाऊ दिले, सिममधले हातानं हलवले, नातवाच्या खात्यातले परत आणून इकडे आणले आणि मगच त्याचं खातं बाबांच्या फोनातून काढलं. फाइलला हातही लावला नाही. नवा फोन त्या खात्याला जोडला आणि नावं आली, सगळी, मानेसकट. मग दोन दुपारी दुहेरी-तिहेरी नोंदी एकत्र करण्यात गेल्या. पांढुर्णा आमच्यापासून हाकेवर, पण मध्य प्रदेशात. परराज्यात फोन लावताना आधी शून्य लागायचं तेव्हाची नोंद शून्यासकट, नंतरची बिनशून्याची, व्हॉट्सअ‍ॅप आल्यावरची अधिक एक्क्याण्णववाली. एक माणूस, तीन घरं. आणि नागपूरचे लँडलाइन ०७१२ शिवाय लिहिलेले, जे मोबाइलवरून लागतच नाहीत. ते बाबा इतकी वर्षं ‘उचलत नाही’ म्हणून सोडून देत होते!

आता तुम्हाला का लिहिते आहे ते सांगते. तुमचं एक मानक आहे, आय. एस. १६३३३ (भाग ३), आणि सरकारनं २०१६ मध्ये ते मोबाइलना बंधनकारक करण्याचा आदेश काढला. इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे, आणि २२ही भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. हे काम मोठं आहे. एके काळी फोनवर मराठी मजकूर आला की नुसते चौकोन दिसायचे, ते मी विसरलेले नाही. पण या मानकाचा भर लिहिण्या-वाचण्यावर आहे. बाबांनी ‘काटोल आंबिया’ लिहिलं, तेही बिनचूक. जुन्या फोननं ते वाचून दाखवलं, नव्यानंही दाखवलं असतं. ते मेलं मधल्या रस्त्यात.

तेव्हा त्या मानकात तिसरं क्रियापद घाला: नेणं. एका फोनात देवनागरीत लिहिलेलं नाव फाइलनं दुसऱ्यात नेलं तर ते पूर्ण उतरलं पाहिजे, याची चाचणी ठेवा. हे सॉफ्टवेअरचं काम, दर अपडेटला बदलणार, त्याला मानक कसं लावायचं, असं कोणी म्हणेल. कीबोर्डही सॉफ्टवेअरच आहे, त्याला लावलंच ना? दुसरं, पहिला नंबर साठवताना फोननं वापरणाऱ्याच्या भाषेत विचारावं: हे कुठं ठेवू, सिममध्ये, फोनात, की अमुक खात्यात? आणि खातं कोणाचं ते नावानिशी दाखवावं. आज हा प्रश्न एकदा, घाईत, बहुतेक इंग्रजीत येतो, आणि उत्तर दुकानातला मुलगा देतो.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढं कशाला, त्यांना नमुना पाठव. माल बघितल्याशिवाय हर्रासात बोली लागत नाही. म्हणून नमुना पाठवते. तुमच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कोणतेही दोन फोन घ्या, एकात ‘पांढुर्णा मृग बहार मोठी बाग’ या नावानं नंबर साठवा, फाइल काढा, दुसऱ्यात उतरवा, आणि ‘पांढुर्’च्या पुढे काय आलं ते कळवा.

आपली,
एका अडत्याची मुलगी
नागपूर