आजीचं ताट, पण आधी कुणाला?

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरला तळ टाकला आणि त्यातून लष्कर ही वस्ती उभी राहिली. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत मेतकूट-भात आणि बेडई गुण्यागोविंदानं नांदतात. गणपतीच्या मंडपात चार ज्येष्ठ जमले की एक वाक्य ठरलेलं: ‘आमच्या काळी कुणाला रक्त कमी नव्हतं, हे पिझ्झा-चाऊमीन आले आणि पोरं बिघडली.’

म्हणजे बेडई निर्दोष? उडदाची पिठी भरून तळलेली पुरी, बटाट्याची झणझणीत भाजी, वर जिलबी. हा नाश्ता जुना आहे म्हणून त्यातलं तेल कमी होत नाही. नया बाजारातले बहादुराचे लाडू अटल बिहारी वाजपेयींना प्रिय होते, मलाही आहेत. पण वाढीच्या वयातल्या पोराचं पोषण त्यांच्या भरवशावर कुणी सोडू नये.

आणि रक्त कमी नव्हतं हे ठरवलं कुणी? तेव्हा तपासत कोण होतं? धाप लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणून मोकळे व्हायचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या, मुलगे 31.1 टक्के. मासिक पाळी हे कारण आहेच. पण पुरुषांची पंगत उठल्यावर तळाशी उरलेलं वरण आणि भाजीचा रस्सा बायकांच्या वाट्याला यायचा, ही रीतही परंपराच होती. तिचं नाव मंडपात कुणी काढत नाही.

गुळाचंही तसंच. ‘गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस सांगते. गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळालं तरी खूप.

तरीही ताट टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. त्याची डावी बाजू नीट पाहा: मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. धान्य-डाळीतलं लोह शरीराला सहजी लागत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. शास्त्र ठाऊक नसताना आजीनं फोड योग्य जागी ठेवली होती, आणि आपण ती नुसती शोभेची केली. बाजरीसाठी लांब जायला नको, शेजारचा मुरैना जिल्हा ती भरपूर पिकवतो. शंभर ग्रॅम पिठात सहाएक मिलिग्रॅम लोह असतं. दोन भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, लिंबू, सोबत पेलाभर ताक, असं जेवण विकतचा कुठलाही डबा देणार नाही. चहा मात्र जेवणाला लागून नको, तो लोह अडवतो.

एवढ्यानं 30 चा आकडा गाठणं कठीणच, म्हणून शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी देतात. ‘उष्ण पडते’ म्हणून ती फेकायला सांगणाऱ्या आज्या-मावश्यांना हात जोडून विनंती: गोळी घेऊ द्या, आणि आज रात्री घट्ट वरणाची पहिली वाटी नातीच्या ताटात वाढा.