सौदे दिसले, सिनेमा दिसला नाही

‘द गॉडफादर’ (1972) कसा घडला, हे सांगणारी ‘द ऑफर’ ही दहा भागांची मालिका 2022 साली आली. निर्माता अल्बर्ट रडी तिचा नायक. तिचे चाहते म्हणतात, चित्रीकरण हे बघायला कंटाळवाणं काम. तासन्‌तास दिवे लावा, तोच शॉट पुन्हा घ्या. मालिका रंगवायची तर जो कोलंबोसारखा माफियाचा म्होरक्या आणि स्टुडिओतली भांडणंच हवीत.

इतिहासाची मोडतोड झाली, ही नेहमीची तक्रार मी करणार नाही. मालिका रडीच्या अनुभवांवर बेतलेली आहे. नायकपण त्याच्याकडे जाणं ओघानंच आलं. त्याचं श्रेय खोटंही नाही. पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढायचं कबूल करून कोलंबोच्या संघटनेचा विरोध त्यानंच शमवला.

खोटं आहे ते चाहत्यांचं गृहीतक. ‘गॉडफादर’चा नायक मायकेल ज्यात वैरी सोलोझो आणि पोलीस कॅप्टनला गोळ्या घालतो, तो रेस्टॉरंटमधला प्रसंग घ्या. स्टुडिओला मायकेलच्या भूमिकेत अल पचिनो नकोच होता. त्याची गच्छंती होणार अशी चिन्हं होती. दिग्दर्शक कपोलानं हा प्रसंग वेळापत्रकात पुढे ओढला, साहेबलोकांना दाखवला आणि पचिनो वाचला. त्यात सोलोझो इटालियनमध्ये बोलतो, पण सबटायटल्स नाहीत. मग आपण शब्दांचा नाद सोडतो आणि पचिनोच्या अस्वस्थ डोळ्यांकडे बघत बसतो. तेवढ्यात रेल्वेचा कर्कश आवाज चढत जातो. गाडी मात्र पडद्यावर दिसतच नाही. ध्वनीचं काम बघणाऱ्या वॉल्टर मर्चनं घातलेला हा आवाज मायकेलच्या डोक्यातलं वादळ होतो. पोटावर पाय येऊ घातलेल्या नटाच्या या परीक्षेपुढे कुठल्या गुंडाची धमकी टिकेल?

मालिकेत कपोला आहे, छायाचित्रकार गॉर्डन विलिसही आहे; पण वाटाघाटींच्या गर्दीत त्यांचं काम तोंडी लावण्यापुरतं उरतं.

कामातच नाट्य असतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (2009) दादासाहेब फाळके कुंडीतल्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपतात. ना खंडणी, ना पिस्तूल; तरी रोप पडद्यावर वाढू लागतं तेव्हा आपणही हरखून जातो. कारण माणूस धडपडून काहीतरी घडवतोय, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

‘द ऑफर’ जरूर बघा, करमणूक होईल. पण ‘गॉडफादर’ कसा घडला हे समजून घ्यायचं असेल, तर मूळ ‘गॉडफादर’च पुन्हा लावा.