व्हर्सायचा तह पाडला कुणी?

मागच्या अंकातील पत्रात एका वाचकाने लिहिले आहे की, अमेरिकी सिनेटमधील परराष्ट्र धोरणाचे सगळे विरोधी गट एक झाले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा व्हर्सायचा तह पाडला. मला हे अजिबात पटत नाही.

सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांच्या गटाला तहातला राष्ट्रसंघ अटींसह चालणार होता. सिनेटर विल्यम बोरा आणि त्यांच्या साथीदारांना तो कोणत्याही अटीवर नको होता. यांची एकजूट व्हायची कशी?

१९ मार्च १९२० चे मतदान पाहा. लॉज यांच्या अटींसह तह मताला आला. बाजूने ४९, विरोधात ३५. दोनतृतीयांशाला ७ मते कमी पडली. त्या ३५ पैकी बोरापंथी होते अवघे १२. उरलेले २३ विल्सन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे! अटींसह तह स्वीकारू नका, ही खुद्द राष्ट्राध्यक्षांची भूमिका होती. तरी २१ डेमोक्रॅट सिनेटरांनी ती झुगारून बाजूने मत दिले. त्यांच्यामागून आणखी ७ जण आले असते, तर तह मंजूर झाला असता.

ऑक्टोबर १९१९ मध्ये विल्सन यांना पक्षाघात झाला, याचे कुणालाही वाईटच वाटेल. पण त्यांचा हेका त्याआधीचा. पॅरिसच्या शिष्टमंडळात त्यांनी एकही सिनेटर घेतला नव्हता, आणि तहाला मंजुरी द्यायची होती ती सिनेटनेच. ‘विरोधकांची एकजूट’ म्हटले की हे सारे झाकले जाते. पत्रलेखकांनी ती ३५ नावे एकदा पक्षनिहाय तपासावीत, ही विनंती.

– एक वाचक, सांगली